कॅलॅथिया

मॅरँटेसी कुळातील, पानांवरच्या नक्षीसाठी कुंडीत लावली जाणारी वनस्पती. मूळस्थान मध्य व दक्षिण अमेरिकेतील दमट जंगले. आरारूट ज्या वनस्पतीपासून काढतात, तीही याच कुळातली. २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासावरून यातल्या बहुतेक जाती गोपर्टिया या प्रजातीत हलवल्या गेल्या. बाजाराने मात्र ते मनावर घेतलेले नाही, म्हणून इथेही जुनेच नाव वापरले आहे.

संध्याकाळी हिची पाने उभी राहतात आणि अनेक जातींमध्ये पानामागचा जांभळा रंग दिसू लागतो. सकाळी ती पुन्हा आडवी होतात. देठ आणि पाते जुळतात तिथे एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींमधला पाण्याचा दाब कमीजास्त झाला की पान हलते.

जंगलात ही मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्यामुळे तिला उजेड हवा, पण थेट ऊन नको. उन्हात नक्षी फिकी पडते. तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. माती भुसभुशीत, निचऱ्याची आणि हलकी ओलसर असावी.

सर्वांत जास्त तक्रार असते ती पानांचे शेंडे करपण्याची. आधी टोक तपकिरी होते, मग ती कड पात्याच्या काठाने खाली उतरते. पाणी कमी पडले असे समजून लोक आणखी पाणी घालतात आणि मुळे कुजवतात. खरे कारण बहुधा कोरडी हवा किंवा नळाच्या पाण्यातले क्षार व फ्लोराइड असते. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो. फ्लोराइड उकळूनही जात नाही. पावसाचे पाणी उत्तम. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, तेव्हा नव्या पानांकडे पाहावे. नवे पान सुरळीसारखे गुंडाळलेले येते. हवा कोरडी असेल तर ती सुरळी अडकते आणि पान फाटके उलगडते. दिवसातून एकदा पाणी फवारून हवेतला दमटपणा फार वेळ टिकत नाही. कुंड्या जवळजवळ ठेवणे त्याहून उपयोगी.

कोरड्या हवेत लाल कोळीही (पानातला रस शोषणारी बारीक कीड) लागतो. पाने मागूनही ओल्या फडक्याने पुसली तर तो आटोक्यात राहतो.

खुडलेल्या पानापासून रोप होत नाही. कुंडी बदलताना मुळांसकट फुटवे वेगळे करावे लागतात. जवळच्याच मॅरँटा प्रजातीत मात्र पेरासह तोडलेली फांदी पाण्यातही मुळे धरते.