गंडम बंद पडलं ते खेळण्यांपायी

गंडम म्हणजे रोबोंच्या युद्धाची जपानी कार्टून सिरीयल. "लोकांना आवडलंच नाही म्हणून पहिलं गंडम मधेच बंद केलं" हे इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच वाटायला लागलंय. अर्धंच खरंय ते. एप्रिल १९७९ ला जपानच्या नागोया टीव्ही चॅनलवर सुरू झालं तेव्हा ५२ एपिसोड ठरलेले, रेटिंग कमी होतं हे मान्य, पण पैसा लावत होती क्लोव्हर नावाची खेळण्यांची कंपनी आणि तिला सिरीयल हवी होती ती लहान पोरांनी रोबो विकत घ्यावेत म्हणून. इथे तर युद्ध, पटापट मरणारी माणसं आणि वर रडका हिरो! बघत होती हायस्कूल-कॉलेजची पोरं, ती कशाला खेळण्यातला रोबो घेतायत? मग जानेवारी १९८० ला ४३ एपिसोडवरच गाशा गुंडाळला.

खरी गंमत पुढंय. त्याच वर्षी बंदाई नावाच्या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीने त्याच रोबोंची, सुटे भाग जोडून बनवायची प्लास्टिक मॉडेलं काढली, ३०० येनला एक, आणि तीच पोरं तुटून पडली ना राव. १९८१-८२ मध्ये त्याच सिरीयलचे तीन पिक्चर थेटरात लागले.

आणि हो, आजकालची जपानी कार्टून सिरीज १२-१३ एपिसोडवर थांबली की लगेच "कॅन्सल" म्हणून गळे काढू नका, बहुतेकदा आधीपासून ठरलेलंच तेवढं असतं.