दात्याच्या माहितीचा हक्क

दुसऱ्या कुणाच्या शुक्राणूपासून, स्त्रीबीजापासून किंवा भ्रूणापासून जन्मलेल्या व्यक्तीला त्या दात्याविषयी काय कळावे आणि कोणत्या वयात कळावे, यासंबंधीचा कायदेशीर हक्क. उंची, डोळ्यांचा रंग, शिक्षण, घराण्यातले आजार ही माहिती द्यायला सहसा कुणाची हरकत नसते. वाद आहे तो नाव-पत्त्याचा.

दात्याला निनावी ठेवण्याची प्रथा प्रथम मोडली स्वीडनने, १९८५ साली. तिथल्या कायद्याने वयाचा आकडा घातलाच नाही. मुलाला ‘पुरेशी समज’ आली की झाले. इतरांनी आकडे घातले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ऑस्ट्रियात १४ वर्षे. नेदरलँड्समध्ये २००४ पासून वर्णनपर माहिती १२ व्या वर्षी आणि नाव १६ व्या वर्षी. ब्रिटनमध्ये वर्णन १६ व्या, नाव १८ व्या वर्षी, तेही १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांचे. त्यामुळे या नियमाखालची पहिली मुले सज्ञान व्हायला २०२३ साल उजाडले. १८ हा आकडा मतदानाच्या आणि करारमदाराच्या वयावरून उचललेला आहे. ‘मी कुणासारखा दिसतो’ हा प्रश्न त्याच्या पुष्कळ आधी आरशासमोर पडतो.

या विषयात सर्वांत दूर गेले ते ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य. तिथे बराच काळ मुलांच्या तीन पंक्ती होत्या. १९९८ पासूनच्या दानातून जन्मलेल्यांना सज्ञान झाल्यावर नाव आपोआप मिळे. १९८८ ते १९९७ मधल्यांना दात्याने होकार दिला तर. आणि त्याआधीच्यांना काहीच हक्क नव्हता. नॅरेल ग्रेच ही या शेवटच्या पंक्तीतली. दात्याबद्दल तिच्या हाती होते एक सांकेतिक अक्षर आणि एक अंक : टी ५. वर्षानुवर्षे शोध घेतल्यावर, आतड्याच्या कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत असताना तिची दात्याशी भेट झाली. काही आठवड्यांनी, मार्च २०१३ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी ती वारली. १ मार्च २०१७ पासून लागू झालेला कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो. दान कोणत्याही साली झालेले असो, नोंद उपलब्ध असेल तर नाव मिळते. निनावी राहण्याच्या बोलीवर दान केलेल्यांना हा शब्द फिरवणे वाटले, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी तोडगा असा की ‘संपर्क नको’ असे नोंदवता येते व ते मोडल्यास दंड होतो. १८ पूर्ण नसलेल्यांनाही पालकांच्या संमतीने किंवा समुपदेशकाने समज पुरेशी असल्याचे सांगितल्यास अर्ज करता येतो.

पण आपण दात्यापासून जन्मलो हेच ठाऊक नसेल तर अर्ज करणार कोण? स्त्री-पुरुष जोडप्यांत ही गोष्ट मुलापासून लपवणे सर्रास चाले. व्हिक्टोरियाने त्यावर जन्मदाखल्यातून वाट काढली. २०१० नंतर नोंदवलेल्या अशा जन्मांबाबत, सज्ञान व्यक्तीने दाखला मागवला की सोबत आणखी एक कागद येतो : तुमच्याविषयी अधिक माहिती नोंदीत आहे. ती काय, हे त्यावर लिहिलेले नसते. आईवडिलांनी आधी सांगून टाकावे हा त्यामागचा डाव. घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांनी तर वयाची अटच पोकळ केली आहे. दात्याच्या एखाद्या चुलत बहिणीने नमुना दिला असला तरी माग लागतो.

भारतात दाता निनावीच असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी सज्ञान मुलाला नाव-पत्ता सोडून बाकी माहिती देऊ केली होती. लग्न ठरवताना गोत्र विचारणाऱ्या समाजात एकाच दात्यापासून जन्मलेल्या भावंडांचा नकळत आपसात विवाह होण्याची धास्ती मोठी. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने एका दात्याचे बीज एकाच जोडप्याला देण्याचे बंधन घालून ती बरीचशी मिटवली. नावाचा प्रश्न मात्र उरतोच. दत्तक मुलाला १८ नंतर आपले मूळ शोधण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. दात्याचे नाव आणि आधार क्रमांक शुक्राणू व स्त्रीबीजे पुरवणारी पेढी टिपून घेते, नोंदी किमान १० वर्षे जपते व पुढे त्या राष्ट्रीय नोंदवहीत जातात. मूल १८ वर्षांचे होईल तेव्हा नाव सरकारदप्तरी असेल. न्यायालयाच्या आदेशाखेरीज ते मागण्याची सोय मुलाला नाही.