सर्किट बोर्ड यायच्या आधी आम्ही काय करतो?
(कंट्रोल पॅनेल बनवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातले बरेच कारखानदार ऑर्डर देऊन गेले की आठवड्याने फोन करतात, "बोर्ड अजून बेंगळूरहून आलेला नाही, मग तुमचं काम काय चाललंय?"

काम चाललेलं असतं. आमचे पॅनेल लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. यूएसबीला काही जोडलं तर ते स्वतःची ओळख सांगतं. भट्टीचं तापमान वाचणारी चिप तसं सांगत नाही. त्यामुळे कोणती चिप, कुठल्या बसवर (म्हणजे चिपा जोडणाऱ्या तारांच्या संचावर), कुठल्या पिनेवर, हे 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलीत लिहावं लागतं. सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती वाचतो आणि नावाशी जुळेल तो ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, लावतो.

ही फाइल सर्किटच्या नकाशावरून आधीच लिहिता येते. खऱ्या चिपच्या जागी आम्ही डमी ड्रायव्हर बसवतो. तो आम्ही सांगू ते आकडे देतो. थर्मोकपलची (भट्टीतल्या तापमानाच्या सेन्सरची) वायर तुटली तर अलार्म वाजतो का, हे भट्टी न पेटवता बघता येतं. त्यासाठी आयटूसी-स्टब (खोटी चिप), जीपीआयओ-सिम (खोट्या पिना) अशी साधनं लिनक्समध्ये तयारच आहेत.

मात्र डमीवर सगळं चाललं म्हणजे मशीन तयार झालं, असं धरून चालू नका. डेमोत पडद्यावर 'डमी' असं लाल अक्षरात दिसेल. ते आम्ही मुद्दाम ठेवतो.

चिप बदलली तर आधी कळवा. तापमान वाचणारी मॅक्स ३१८५५ चिप मिळाली नाही म्हणून दुकानदार मॅक्स ६६७५ देतो. दोन्ही के-टाइप थर्मोकपलच्याच. पण आकडा पाठवायची दोघींची पद्धत वेगळी. फाइलीत जुनंच नाव राहिलं, तर २०० अंशांची भट्टी पडद्यावर ४०० दाखवू शकते, आणि कर्नल चकार शब्द काढत नाही. चिपवरच्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला तरी पुरे.

दुसरी गोष्ट वीजपुरवठ्याची. चिपला वीज कुठून मिळते हे फाइलीत नसेल, तर कर्नल 'यूझिंग डमी रेग्युलेटर' (म्हणजे वीज आहेच असं धरतो) असं नोंदवून पुढे जातो. वीज कायम जोडलेली असेल तर काही बिघडत नाही. पण ती स्विचमधून येत असेल, तर तो स्विच चालू कोण करणार? सेन्सर मुकाच राहतो.

पॅनेल बसवताना सुरुवातीच्या लॉगची, म्हणजे सुरू होताना कर्नलने केलेल्या नोंदींची, छापील प्रत देतो. तीत 'डमी' शब्द दिसला, तर पावतीवर सही करण्याआधी कारण विचारा. खंडेनवमीच्या पूजेला पॅनेल मशीनवर हवा असेल, तर सर्किटचा नकाशा आणि सुट्या भागांची यादी गणपतीआधी द्या.