समन्वय, पण कुठला?

सोलापुरात स्पर्धा परीक्षेची मुलं शिकवतो. दर वर्षी उत्तरपत्रिकांत हे वाक्य हमखास सापडतं: 'युरोपीय संघाने खुल्या समन्वय पद्धतीने सर्व देशांची पेन्शन एक केली.' पेन्शन एक झालेली नाही, आणि त्या पद्धतीचं ते कामही नाही. 'समन्वय' या एका शब्दाने घात केलाय.

पहिला समन्वय तुमच्या घरातलाच. पूर्व भागातल्या एखाद्या मावशींनी एका कारखान्यासाठी सहा वर्षं विड्या वळल्या, दुसऱ्यासाठी पाच. पीएफ ट्रान्सफर केला की पेन्शनची दहा वर्षांची अट भरते. युरोपचा 883/2004 हा नियम असंच काम देशादेशांत करतो. जर्मनीत पेन्शनला किमान पाच वर्षांचा भरणा लागतो. तिथे तीनच वर्षं राबून फ्रान्सला गेलेल्याची फ्रान्समधली वर्षं त्या अटीत धरतात. जर्मनी पैसे मात्र आपल्या तीन वर्षांपुरतेच देते. हा नियम 2010 पासून लागू आहे. कोणी तो डावलला, तर प्रकरण संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयापर्यंत जाऊ शकतं. एवढं पुरे.

दुसरी ती खुली पद्धत, मार्च 2000 च्या लिस्बन बैठकीतली. इथे सीमा ओलांडणारा माणूसच नाही. सरकारं एकत्र बसून ध्येयं ठरवतात: गरिबी घटावी, पेन्शन पुरेशी असावी आणि पुढेही परवडावी. मग मोजपट्टी: देशातल्या मध्यक उत्पन्नाच्या (ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे लोक असतात) 60 टक्क्यांखाली किती लोक जगतात? प्रत्येक देश आपला अहवाल मांडतो, बाकीचे त्यावर प्रश्न विचारतात. दंड नाही, खटला नाही. फार तर चारचौघांत मान खाली जाते.

खरी ठेच पुढे आहे. बंधनकारक ते खोलवर जाणारं आणि ऐच्छिक ते वरवरचं, असं मुलं धरून चालतात. आहे उलटंच. 883/2004 बंधनकारक आहे, पण पेन्शन किती असावी, कितव्या वर्षी मिळावी, याला तो हात लावत नाही. ज्या देशात जे आहे ते माणसाबरोबर जावं, एवढंच पाहतो. खुली पद्धत नेमकं तेच विचारते, की तुमची पेन्शन पुरते का? पण हुकूम कोणालाच करू शकत नाही. कारण उघड आहे. सामाजिक सुरक्षेची तिजोरी देशांनी स्वतःकडेच ठेवलीय, आणि गरिबी निवारणात सगळ्यांचे कायदे एकसारखे करायला संघाच्या मूळ करारातच मनाई आहे.

'बिनदाताचा वाघ' म्हणून खुल्या पद्धतीला हसणारे मला पटत नाहीत. सगळ्यांनी एकच फूटपट्टी मान्य केली, हीच मोठी गोष्ट. पण तिने अमुक देशाला कायदा बदलायला 'भाग पाडलं' असं लिहिलंत, तर तेही चूक.

आणि कृपा करून हिला 'करार' म्हणू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबाबतही हाच घोळ होतो. सामाजिक सुरक्षेचा किमान दर्जा ठरवणारा 1952 चा करार क्रमांक 102 मंजुरी देणाऱ्या देशांना बांधतो. त्याच विषयावरची 2012 ची शिफारस क्रमांक 202 कोणालाच बांधत नाही. भारताने 102 ला मंजुरी दिलेली नाही. तरी 'भारताने 102 मोडला' असं लिहिणारे दर वर्षी दोघं-तिघं निघतात. त्यांचे गुण मी कापतो.