समुद्री हल्ला ड्रोन

खलाशाविना, दुरून हाकली जाणारी, स्फोटकांनी भरलेली वेगवान नौका. शत्रूच्या जहाजावर आदळून फुटणे हे तिचे मूळ काम. पहिल्या महायुद्धात जर्मनीने तारेने नियंत्रित होणाऱ्या अशा नौका वापरल्या. त्यांपैकी एक २८ ऑक्टोबर १९१७ रोजी ब्रिटिश युद्धनौका ‘एरेबस’वर आदळली. पण मारा तारेच्या लांबीपुरताच राहिला.

ही अडचण उपग्रह-संपर्काने सुटली, आणि खरी प्रगती युक्रेन युद्धात झाली. आपली एकमेव फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) युक्रेनने मार्च २०२२ मध्ये मिकोलाइव्ह बंदरात स्वतःच बुडवली होती. काळ्या समुद्रात लढायला मोठी जहाजे उरलीच नव्हती. त्याच सप्टेंबरात क्रिमियातील रशियाच्या नौदल तळाजवळ, सेव्हास्तोपोलला, किनाऱ्याला लागलेल्या अशा एका युक्रेनी नौकेत वॉटर स्कूटरची जलझोत यंत्रणा, नाकाशी धक्क्याने पेटणारे फ्यूज, कॅमेरा आणि उपग्रह अँटेना सापडली. २९ ऑक्टोबरला त्या बंदरावर अशा नौकांचा पहिला मोठा हल्ला झाला.

पुढच्या ‘मागुरा व्ही५’ची लांबी सुमारे साडेपाच मीटर, कमाल वेग ४२ नॉट (ताशी सुमारे ७८ किमी), पल्ला सुमारे ८०० किमी. पाण्याला चिकटून चालल्यामुळे ती रडारवर लाटांच्या गोंधळात हरवते. तोच बुटकेपणा खवळलेल्या समुद्रात अंगाशी येतो: कॅमेऱ्यावर पाणी उडते, अँटेना हेलकावते, चित्र तुटते. संपर्क गेला की चालकाला नेम धरता येत नाही.

एका धडकेत जहाज बुडेलच असे नाही, म्हणून नौका टोळीने सोडतात. १ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाच्या ‘इव्हानोवेत्स’ या क्षेपणास्त्रनौकेला आधी मागच्या बाजूने धडका देऊन पंगू केले. मग कुशीत भगदाड पडल्यावर पुढची नौका नेमकी त्यातच घातली. तेव्हा एका नौकेची किंमत जहाजाशेजारी ठेवून ‘स्वस्त’ म्हणणे अर्धवट आहे. हिशेब पूर्ण टोळीचा करायला हवा. त्याच महिन्यात ‘त्सेझार कुनिकोव्ह’ हे सैन्य किनाऱ्यावर उतरवणारे रशियन जहाजही बुडाले.

रशियाने बंदरांच्या तोंडाशी तरंगते अडथळे टाकले आणि बरीच जहाजे पूर्वेकडील नोव्होरोसिस्क बंदरात हलवली. सर्वांत जाचक ठरली ती हेलिकॉप्टरे: वरून नौकेमागचा पांढरा फेस लांबूनच दिसतो आणि मशीनगनपुढे तिला आडोसा नसतो. त्यावर उतारा म्हणून नौकांवर हवेतील लक्ष्य पाडणारी क्षेपणास्त्रे चढली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी अशा मागुराने एमआय-८ हेलिकॉप्टर पाडल्याचे युक्रेनने जाहीर केले.