'ए आणि '_वीक१ : ओकॅमलमधले दोन सारखे दिसणारे टाइप

ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टॉपलेव्हलमध्ये (ओळ लिहिताच उत्तर देणाऱ्या खिडकीत) 'लेट आयडी एक्स = एक्स' लिहिलं की टाइप येतो 'ए -> 'ए. 'लेट आर = रेफ []' (रेफ म्हणजे आतली व्हॅल्यू बदलता येणारी पेटी, [] म्हणजे रिकामी लिस्ट) लिहिलं की येतो '_वीक१ लिस्ट रेफ. दोन्हीकडे अवतरणचिन्ह लावलेलं काहीतरी आहे, म्हणून नवखा माणूस दोन्ही 'कुठलाही टाइप चालेल' असंच वाचतो. पहिल्याबाबत ते बरोबर आहे.

आयडी आधी पूर्णांकावर चालवा, मग स्ट्रिंगवर. प्रत्येक वापराला टाइपचेकर (टाइप जुळतात का ते तपासणारा कंपायलरचा भाग) 'ए च्या जागी नवा टाइप घेतो. '_वीक१ चं तसं नाही. तिथे टाइप एकच आहे, फक्त अजून कळलेला नाही. फॉर्मातला रिकामा रकानाच तो, एकदा भरला की शाईने भरला. आर मध्ये [१] ठेवलं की तो कायमचा इंट लिस्ट रेफ होतो, आणि मग स्ट्रिंगची लिस्ट ठेवायला गेलात की टाइप एरर. थोडक्यात, वीक म्हणजे 'थोडासा पॉलिमॉर्फिक' (अनेक टाइपांना चालणारा) नव्हे. तो पॉलिमॉर्फिक नाहीच.

एवढी कडक शिस्त कशाला? समजा आर ला खरोखर 'ए लिस्ट रेफ दिला. एका ओळीत त्यात [१] ठेवायचं, पुढच्या ओळीत तीच पेटी स्ट्रिंगची लिस्ट म्हणून उघडायची. टाइपचेकर दोन्हींना मान्यता देईल आणि चालता प्रोग्रॅम पूर्णांकालाच स्ट्रिंगचा पत्ता समजून कोसळेल. ओकॅमलच्याच कुळातल्या स्टँडर्ड एमएल भाषेच्या १९९० च्या व्याख्येत यासाठी वेगळी 'इम्पेरेटिव्ह' टाइप व्हेरिएबल्स ('ए सारखी टाइपच्या जागची नावं) होती. फंक्शनने आत रेफ वापरला की ते त्याच्या टाइपमध्ये उघडं पडायचं. १९९५ मध्ये संशोधक अँड्र्यू राइट यांनी सोपा नियम मांडला: उजवीकडे फंक्शन किंवा स्थिरांकासारखी तयार व्हॅल्यू असेल तरच टाइप सर्वांसाठी खुला करायचा, काही कॉल करावा लागत असेल तर नाही. हीच व्हॅल्यू रिस्ट्रिक्शन. १९९७ च्या स्टँडर्ड एमएलने ती स्वीकारली.

नियम फक्त लिखाणाचं रूप बघतो, त्यामुळे निरपराधही सापडतात. 'लेट एफ = लिस्ट.मॅप (फन एक्स -> एक्स)' यात रेफ कुठेच नाही, तरी टाइप वीक. उपाय म्हणजे आर्ग्युमेंट उघड लिहायचं: 'लेट एफ एल = लिस्ट.मॅप (फन एक्स -> एक्स) एल'. आता उजवीकडे फंक्शन आहे, 'ए परत येतो. पण उजवीकडे एखादं महागडं टेबल बांधलं जात असेल, तर ते आता प्रत्येक कॉलला नव्याने बांधलं जाईल. ही युक्ती डोळे झाकून वापरू नये.

मग 'लिस्ट.रेव्ह []' हा कॉल असूनही 'ए लिस्ट कसा देतो? ही ओकॅमलच्या विकासकांपैकी झाक गारिग यांनी दिलेली सवलत: टाइप व्हेरिएबल फक्त कोव्हेरियंट जागी, म्हणजे नुसतं वाचून बाहेर काढायच्या जागी असेल, तर धोका नाही. रेफमध्ये वाचताही येतं आणि लिहिताही, म्हणून त्याला सवलत नाही.

वीक टाइप फाइलच्या शेवटपर्यंत न भरता बाहेर दिसत राहिला, तर कंपायलर ती फाइल नाकारतो. पण 'हॅशटेबल.क्रिएट १६' ने (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायचं रिकामं टेबल) दोन वीक दाखवले म्हणून घाबरायचं कारण नाही. पहिल्या भरणीत की आणि व्हॅल्यूचे टाइप ठरतात. तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं.