तसबिरीच्या घोटाळ्यापासून रतलाम स्टेशनापर्यंत

माझी आत्या विनोद व्हायच्या आधी हसते. दिवाळीत फराळ आटोपला की दांडिया बाजारातल्या तिच्या घरी आम्ही सगळे टीव्हीपुढे जमतो. ती हिंचक्यावर बसते. बडोद्यात झोपाळ्याला आम्ही हिंचकाच म्हणतो. 'अशी ही बनवाबनवी' लागला की पडद्यावरचं दार वाजायच्या आतच तिचे खांदे हलायला लागतात. एकदा मी म्हटलं, "आत्या, अजून काही झालंच नाहीये."

"अगं, होणार आहे ना!"

रहस्यपटाचं असं होत नाही. खुनी कोण ते एकदा कळलं की दुसऱ्यांदा बघायला फार थोडं उरतं. प्रेमाच्या विनोदी चित्रपटाचा शेवट मात्र पहिल्यांदा बघतानाही ठाऊक असतो. तो पोस्टरवरच छापलेला असतो: दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी, आणि मान तेवढी वळवलेली. मग आपण तिकीट कशाचं काढतो? माझ्या मते घोटाळ्याचं. त्या दोघांच्या मध्ये काय आलंय, ते आपल्याला दिसतंय आणि त्यांना दिसत नाही, याचं. या चित्रपटांचा इतिहास चाळायचा तर नायक-नायिकांपेक्षा या मधल्या खोड्याकडे बघावं. प्रत्येक काळानं आपापला खोडा घातला आहे.

'घोटाळा' हा शब्द माझा नाही, देवलांचा आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 मध्ये नाटक लिहिलं, त्याचं नावच 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मूळ मोलियरचं, 1660 चं फ्रेंच प्रहसन. त्यावरून आर्थर मर्फीनं 1761 मध्ये इंग्रजी नाटक केलं, आणि तिथून ते देवलांच्या हाती आलं. पुढे पदं घालून त्याचं 'संशयकल्लोळ' झालं. गंधर्व नाटक मंडळीनं ते 1916 मध्ये रंगभूमीवर आणलं तेव्हा रेवती होते बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. या मंडळीला आमच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, हे बडोदेकरांना कुणी विचारलं नाही तरी ते सांगतातच.

सगळा खेळ एका तसबिरीचा. रेवतीला घेरी येते, तिच्याजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, फाल्गुनराव तिला सावरतो. ते त्याची बायको बघते आणि जळते. मग तीच तसबीर बायकोच्या हातात बघून फाल्गुनराव जळतो. एवढुशी वस्तू, पण चार माणसांची झोप उडवते. वाईट कुणीच नाही, खलनायक नाही. प्रेक्षकातल्या कुणीही उठून दोन वाक्यं बोलली असती तर नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं. ती दोन वाक्यं गिळून बसण्यातच मजा आहे. तसबीर पाहून प्रेमात पडायची युक्ती तर 'मालविकाग्निमित्रा'इतकी जुनी. तिथला राजाही आधी चित्रच पाहतो. तरी राजवाड्यातला घोटाळा वेगळा आणि बिऱ्हाडातला वेगळा. आपल्या जवळचा वाटतो तो दुसरा.

मराठी बोलपटात हा बिऱ्हाडातला घोटाळा आला तो दिग्दर्शक मास्टर विनायकांमुळे. 1938 मध्ये कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं 'ब्रह्मचारी' काढला, लेखन आचार्य अत्र्यांचं. इथला खोडा बाहेरून आलेलाच नाही. नायक औदुंबर व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसतो आणि मग मीनाक्षी शिरोडकर समोर येते. पोहण्याच्या पोशाखातल्या तिच्या गाण्यावरून तेव्हा जो गदारोळ झाला तो सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्या शपथेचीच गंमत वाटते. ज्या काळात तरुणांपुढे रोज कुठली ना कुठली प्रतिज्ञा ठेवली जात होती, त्या काळात अत्र्यांनी प्रतिज्ञेलाच प्रेमाच्या आड आणून उभं केलं. काळाची खोडी काढायची तर अशी.

दोनच वर्षांनी, 1940 मध्ये, विनायकांनी 'लग्न पाहावं करून' केला. इथे बडोदेकर म्हणून मी जरा रेंगाळणार आहे. त्याची कथा चिं. वि. जोशींची, आणि चिं. वि. आमचे. म्हणजे जन्मानं पुण्याचे, पण नोकरीचा बहुतेक काळ बडोद्यात गेला. बडोदा कॉलेजात ते पाली शिकवायचे, पुढे संस्थानच्या दफ्तरखात्याचंही काम त्यांनी पाहिलं. सकाळी जातककथा आणि संध्याकाळी चिमणराव, असा त्यांचा दिवस मी मनाशी रंगवते. पुराव्यानिशी नव्हे, पण त्या कॉलेजच्या भल्यामोठ्या घुमटाखालून जाताना हे चित्र हटकून डोळ्यांपुढे येतं. पडद्यावर चिमणराव झाले दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. 1942 मध्ये 'सरकारी पाहुणे'ही चिं. विं.च्याच लेखणीतून आला.

चिमणरावांच्या जगात प्रेमाच्या आड येतो तो खर्च, पत्रिका, मध्यस्थ, पाहुणे आणि मुलाकडच्यांचा मान. प्रेम असतं, पण सामानाच्या यादीखाली दबलेलं. परदेशी समीक्षक या प्रकाराला प्रेमपट म्हणतील की नाही, कोण जाणे. पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत प्रेम लग्नाच्या खटपटीनंतरच सुरू व्हायचं, तेव्हा आपला विनोदही तिथूनच सुरू झाला, यात नवल नाही.

तिकडे अमेरिकेत 1934 मध्ये फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' येऊन गेला होता. मंदीचे दिवस. करोडपती बापाची पळून आलेली मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार रात्रीच्या बसमध्ये भेटतात. वाटेत एकाच खोलीत रात्र काढायची वेळ येते, तेव्हा तो दोन पलंगांच्या मध्ये दोरी बांधतो आणि तिच्यावर घोंगडी टाकतो. झाली भिंत. त्याच वर्षी जुलैपासून तिथल्या चित्रपटांवरचे नीतिनियम फार कडक झाले, आणि पडद्यावर काय दाखवायचं नाही याची यादी लांबत गेली. या निर्बंधांच्या काळात हॉलिवूडनं जे चटपटीत, तोंडाळ प्रेमपट काढले ते मला नंतरच्या मोकळ्याढाकळ्या चित्रपटांपेक्षा सरस वाटतात. घोंगडी असली की संवाद चांगले लिहावेच लागतात. चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी, पटकथा असे पाचही मोठे ऑस्कर काप्राच्या या चित्रपटानं नेले. आपल्याकडे तीच गोष्ट 1956 मध्ये 'चोरी चोरी' झाली; राज कपूर आणि नर्गिस जोडीनं नायक-नायिका म्हणून दिसले ते यात शेवटचे. 1991 मध्ये ती पुन्हा 'दिल है के मानता नहीं' होऊन आली. बापाचा पैसा हा खोडा आपल्याकडे कधी जुना होतच नाही.

हिंदीतल्या पन्नाशीच्या दशकाबद्दल थोडक्यातच सांगते. 'मिस्टर अँड मिसेस 55' मध्ये खोडा कायद्याचा होता. हिंदू विवाह कायदा 1955 चाच, घटस्फोटाची चर्चा घरोघरी, आणि गुरुदत्तनं त्यावर खोट्या लग्नाची गोष्ट रचली. मधुबाला अजूनही तशीच ताजी वाटते. पण स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या नायिकेच्या आंटीला ज्या तऱ्हेनं हास्यास्पद केलंय, ते आता बघवत नाही. जॉनी वॉकर आला की मात्र राग विसरतो. तो इंदूरचा, म्हणजे आमच्या मावशीच्या गावचा. 'चलती का नाम गाडी', 1958: रात्रीचं गॅरेज, भिजून आलेली मधुबाला, आणि बायकांपासून चार हात दूर राहायचं ठरवलेले तीन भाऊ. पुन्हा शपथच!

माझ्या आवडीचा काळ सत्तरचा. नायक गरीब नाही, श्रीमंत नाही, कारकून आहे. बासू चॅटर्जींच्या 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा बसच्या रांगेत उभे असतात आणि खोडा असतो निव्वळ बुजरेपणाचा. प्रतिस्पर्धी असरानीकडे काय असतं? स्कूटर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस, म्हणून त्या काळच्या प्रेक्षकाला ती स्कूटर तलवारीसारखी दिसली असणार. माझ्या भाच्याला त्या दृश्यात हसण्यासारखं काहीच दिसेना. स्कूटरवरून एवढं काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा आधी बाबांच्या नंबराची गोष्ट सांगावी लागली. कल्पना मूळ एका ब्रिटिश चित्रपटाची, 1960 च्या 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स'ची. पण बसची रांग अस्सल मुंबईची. एक मात्र खरं: रोज मुलीच्या मागे मागे तिच्या ऑफिसपर्यंत जाणं तेव्हा गोड वाटत होतं, आज भाची ते बघते आणि म्हणते, "मावशी, हा तर पाठलाग करतोय." तिला काय उत्तर द्यायचं? दिलं नाही.

सई परांजपे यांनी हीच शाळा आपल्या हातानं पुढे नेली. 1981 च्या 'चश्मे बद्दूर'मध्ये दीप्ती नवल दारोदार साबणाची पावडर विकत येते, फारुख शेखच्या खोलीत बादलीत कपडे बुडवून दाखवते, आणि फेसाच्या पलीकडे तो बसलेला असतो, मळक्या कपड्यांच्या ढिगासारखाच अवघडलेला. प्रेम जुळायला तेवढा फेस पुरतो. बिघडवतात ते खोलीतले दोन मित्र, थापा मारून. 1983 चा 'कथा' तर मराठी नाटकावरूनच केलेला, शं. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव'वरून. चाळीचे जिने, नळ, गॅलरीतून एकमेकांच्या घरात डोकावणं, हे सगळं हिंदीत बोलतं पण वागतं मराठीत.

मग 1988 चा 'बनवाबनवी'. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनिसांचं लेखन. मुळात हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा 'बीवी और मकान'. तो हिंदीत फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, मराठीत मात्र घराघरात मुरला. का? मला वाटतं, इथे प्रेमाच्या आड ना जात येते, ना बाप, पैसाही थेट नाही. आड येते ती भाड्याची खोली. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी, घरमालकीण म्हणते जोडप्यांनाच देईन, म्हणून दोघं लुगडं नेसतात. प्रेम ज्या मुलीवर बसतं तिच्यासमोर नेमकं बाईच्या वेशात उभं राहावं लागतं. देवलांच्या तसबिरीसारखंच हे: एक लुगडं, आणि त्याच्याभोवती सगळा गोंधळ. मराठी मध्यमवर्गाला जागेची चणचण जितकी जिव्हारी लागलेली होती तितकी बहुधा दुसऱ्या कशाची नव्हती. शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ आणि सचिन यांची एकमेकांना वेळेवर चेंडू टाकायची हातोटी. बडोद्यात मराठी चित्रपट थिएटरात लागणं नशिबाची गोष्ट, त्यामुळे आमच्याकडे तो ठाण्याच्या मामानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर आला. कॅसेट इतकी फिरली की लग्नाच्या बोलण्याच्या प्रसंगात पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. आत्या अजूनही तिथे डोळे बारीक करते, रेघा नसल्या तरी.

पुढे खोडे संपत आले. मोबाइल आल्यावर चुकामूक करायची कशी? चिठ्ठी हरवायची कुठे? हॉलिवूडनं 1940 च्या पत्रांच्या गोष्टीला 1998 मध्ये ईमेल लावून 'यू हॅव गॉट मेल' केला. त्यात जुळून आलं, पण तसं दरवेळी कुठून जुळायचं? मराठीत 2010 च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'नं वेगळी वाट काढली. सतीश राजवाडेंनी स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांना पुण्यात दिवसभर चालवलं, नुसतं बोलतं ठेवलं. मध्ये कुणी नाही, काही नाही; आहे तो फक्त आपापल्या शहराचा ताठा. मुंबईकर मुंबईच्या टोमण्यांना टाळी देतात, पुणेकर पुण्याच्या. आम्ही बडोद्याचे लोक दोन्हीकडे हसतो, कारण आमचं कुणीच काही काढलेलं नसतं. बाहेरगावच्या मराठी माणसाला ही एक चैन आहे.

आणि 2007 चा 'जब वी मेट'. त्याचा खोडा म्हणजे चुकलेली गाडी, आणि ती चुकते आमच्या मार्गावर. बडोद्याहून दिल्लीकडे निघालेली गाडी गोध्रा, दाहोद करत रतलामला लागते. चित्रपटात करीना टॅक्सी पळवून रतलामला गाडी गाठते आणि मग पाण्याच्या बाटलीच्या भावावरून भांडत बसल्यानं पुन्हा चुकवते. मोबाइलच्या जमान्यातही रेल्वे कुणासाठी थांबत नाही, हे इम्तियाज अलीला बरोबर सापडलं.

इंदूरला मावशीकडे जायला आम्ही अवंतिका एक्सप्रेस धरतो. पहाटे कधीतरी रतलाम येतं. गेल्या खेपेला भाऊ चहा प्यायला खाली उतरला, तर वरच्या बर्थवरून आत्याचा आवाज आला, "अरे, भाव करू नकोस, मागतील ते दे आणि चढ!" समोरच्या बर्थवरची एक अनोळखी गुजराती बाई चादरीतून तोंड बाहेर काढून हसायला लागली. भाऊ अजून दारातसुद्धा पोचला नव्हता.